इग्वाना दत्तक घेताना : रायगडातील एका सरीसृप निवारा केंद्राचा सव्वा वर्षाचा अनुभव

रायगड जिल्ह्यात, महामार्गापासून थोडे आत, सर्पमित्रांचा एक गट सरीसृपांसाठी छोटे निवारा केंद्र चालवतो. या केंद्राकडे आम्ही एक इग्वाना सोपवला आणि पुढे त्यांच्याकडूनच दुसरा दत्तक घेतला, त्यामुळे देणारा आणि घेणारा अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे काम मी जवळून पाहिले आहे. केंद्राचे नाव आणि पत्ता त्यांच्याच विनंतीवरून येथे देत नाही. मागे एकदा त्यांचा पत्ता मोबाइलवरून सगळीकडे फिरला, तेव्हा माणसे रात्री येऊन फाटकाशी खोकी ठेवून जाऊ लागली आणि त्यांतल्या एका खोक्यातले कासव सकाळपर्यंत जगले नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा आपल्या तालुक्यातील जाणत्या सर्पमित्राकडे चौकशी करावी. आम्हीही तशीच केली होती.

सुरुवात झाली ती पुण्याच्या पुतण्याच्या फोनने. त्याने तीन वर्षांपूर्वी वीतभर लांबीचे हिरवेगार पिल्लू विकत घेतले होते. विकणाऱ्याने ते किती वाढते, किती वर्षे जगते, यातले काही सांगितले नव्हते. हिरवा इग्वाना शेपटीसकट दीड मीटरच्या पुढे जातो, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, आणि नर वयात आला की प्रजननकाळात अंगावर केशरी झाक येऊन चिडखोर होतो. पुतण्याच्या दोन खोल्यांच्या घरात हे सगळे एकदमच अंगावर आले. त्याच्या मनगटावर चाव्याचे टाके पडले, तेव्हा त्याने मला विचारले, "काका, तुमच्याकडे आंब्या-फणसाची एवढी झाडे आहेत, तिथेच सोडू या का? त्यालाही मोकळे वाटेल." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. शहरातल्या माणसाला कोकणातली वाडी म्हणजे कोणत्याही जिवाला पुरेल एवढी जागा वाटते, आणि नेमके त्यामुळेच या प्रश्नाचे उत्तर मी येथे जरा सविस्तर देत आहे.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पाळून नकोसे झालेले किंवा निसटलेले इग्वाना फ्लोरिडा, पोर्तो रिको, फिजी, तैवान, सिंगापूर अशा ठिकाणी मोकळ्यावर वाढले आणि तिथे आता ते उपद्रवी ठरले आहेत. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली की ते गारठून झाडांवरून खाली पडतात. आपल्या किनाऱ्यावर तर तसली थंडीही नाही. जास्वंद, आंबा, खाडीकाठची झाडी, ऊन आणि दमट हवा असे त्याला लागणारे सारे येथे आयते आहे. एक मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते, आणि ती घालण्यासाठी मऊ मातीत खोल बिळे खणते. कालव्यांचे आणि बांधांचे काठ या बिळांनी पोखरले गेल्याचे इतर देशांत दिसले आहे. आमच्याकडे खाडीलगतची भातशेती मातीच्या खारबंधाऱ्यांवर उभी आहे. एक खेकड्याचे बीळ मोठे झाले तरी उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन दोन-तीन हंगाम हातची जाते. अशा ठिकाणी आपण होऊन बिळे खणणारा प्राणी सोडण्याची कल्पनाही मला सहन होत नव्हती. शिवाय त्याच्या जिवाचाही प्रश्न होताच. जन्मभर हातून खाल्लेला प्राणी कुत्र्यांपासून पळायला शिकलेला नसतो, आणि गावातले लोक त्याला घोरपड समजून मारतील हीही भीती होती. घोरपड ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणे गंभीर गुन्हा आहे, तरी चोरून मारणारे आहेतच.

केंद्राला पहिला फोन केला तो २०२४ च्या मे महिन्यात. उत्तर यायला अकरा दिवस लागले, आणि संकटात असलेल्या माणसाला अकरा दिवस फार होतात, हे त्यांना मी तेव्हाही सांगितले होते. मात्र उत्तर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोंदणीचा. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. इग्वाना तिच्यात आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले आणि असे प्राणी आधीपासून बाळगणाऱ्यांना पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करण्यासाठी सहा महिने मिळाले. पुतण्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. केंद्राने त्याला स्पष्ट सांगितले, की आधी नोंदणी स्वतःच्या नावावर करा, मग हस्तांतराची रीतसर नोंद करून प्राणी आमच्याकडे आणा, नोंदणीवाचून आम्ही ठेवून घेणार नाही. त्या वेळी हा आडमुठेपणा वाटला. पण कागद नसलेले प्राणी घेत राहिले तर एक दिवस केंद्रच बंद पडेल आणि आतल्या साऱ्या प्राण्यांचे हाल होतील, हे त्यांनी शांतपणे समजावले, आणि ते पटले.

सोपवण्याच्या दिवशी त्यांनी प्राण्याला जाड सुती उशीच्या अभ्र्यात घालून, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून आणायला सांगितले होते. अंधारात इग्वाना शांत राहतो आणि नखे जाळीत अडकून तुटत नाहीत. शेपटीला हात लावायचा नाही, ही सूचना दोनदा दिली होती, कारण घाबरला की तो शेपूट टाकतो. आल्यावर त्याला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवले, विष्ठेची तपासणी केली, आणि पुतण्याकडून चार पानी माहितीपत्रक भरून घेतले. त्याने काय खाल्ले, कोणता दिवा होता, कोणाला चावला, सगळे त्यात होते. एक गोष्ट मला विशेष भावली. पुतण्याला तिथे कोणी दोषी ठरवले नाही. तो निघताना रडला, तेव्हा तिथल्या ताईंनी त्याला पाणी दिले आणि म्हणाल्या, "तुम्ही आणून दिलंत ना, तेच मोठं काम केलंत."

त्याच भेटीत मी केंद्रातल्या पाचू नावाच्या इग्वाना मादीला पाहिले. तिची क्ष-किरण तपासणी व्हायची होती आणि ती जागची हलत होती. ताईंनी तिच्या दोन्ही मिटल्या डोळ्यांवर कापसाचे छोटे बोळे ठेवले आणि चिकटपट्टीची सैलशी पट्टी डोक्याभोवती गुंडाळली. डोळ्यांवर असा हलका दाब आला, की इग्वानाची नाडी मंदावते आणि तो निपचित होतो. भुलीचे औषध न देता लहानसहान तपासण्या अशा उरकता येतात. मिनिटभरात पाचू टेबलावर पाय पसरून पडली, जणू दुपारच्या उन्हात फांदीवर पहुडली आहे. क्ष-किरणात तिचा खालचा जबडा जाड आणि वेडावाकडा दिसत होता. आधीच्या घरी ती काचेच्या पेटीत होती आणि रोज खिडकीतून ऊन येई, म्हणून दिव्याची गरज नाही असे त्या लोकांना वाटले होते. पण सूर्यप्रकाशातले ज्या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते किरण काच अडवते, आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागत नाही. त्यात भर म्हणून तिला पालक आणि उकडलेले अंडे देत असत. पालकातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकते, आणि हा प्राणी पूर्ण शाकाहारी असल्यामुळे प्राणिज प्रथिनांनी त्याची मूत्रपिंडे खराब होतात. दोन्ही गोष्टी प्रेमाने केलेल्या होत्या, आणि त्यांचे फळ त्या जबड्यात दिसत होते. घरी परत येताना मंडणगडचा घाट उतरेपर्यंत मी आणि पत्नी दुसरे काही बोललोच नाही.

दत्तक घेण्याचा अर्ज ऑगस्टमध्ये दिला. आम्ही खरे तर पुतण्याचाच नर मागितला होता, आणि त्याला केंद्राने नकार दिला. आमच्या घरी सहा वर्षांची नात आहे, आणि प्रजननकाळात चावणारा नर लहान मूल असलेल्या घरात ते देत नाहीत. पाचूसाठी मात्र विचार करू म्हणाले आणि सप्टेंबरात दोन कार्यकर्ते घर पाहायला आले. आमचे गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. इतक्या लांब स्वतःच्या खर्चाने येऊन त्यांनी तीन तास घर, पडवी आणि आगर पाहिले, आणि जे प्रश्न विचारले त्यांवरून या माणसांना कोकण नीट माहीत आहे याची खात्री पटली. बागेत फवारणी कधी करता, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हापूसला मोहोर येऊ लागला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, वाऱ्याने ते तुषार शेजारच्या जास्वंदीवरही बसतात, आणि तोच पाला इग्वानाच्या पोटात गेला तर तो मरतो. आम्ही त्यावर घरामागच्या परड्यात, बागेपासून दूर, शेवगा आणि तुती वेगळी लावली. दुसरा प्रश्न विजेचा होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती, हे त्यांना आठवत होते. तसे पुन्हा झाले तर हिला ऊब आणि प्रकाश कसा देणार, हे त्यांनी लिहून घेतले. तिसरा प्रश्न ऐकून पत्नी जरा चपापली. "काका, तुमचं वय अठ्ठावन्न. ही अजून दहा-बारा वर्षं जगेल. तुमच्यानंतर हिला कोण बघणार?" मुलाने करारावर दुसरी सही केली, तेव्हाच अर्ज पुढे गेला. मला हा प्रश्न मुळीच लागला नाही. एखाद्या जिवाची जबाबदारी देताना हे विचारलेच पाहिजे.

पिंजऱ्याच्या बाबतीत त्यांनी आमची पहिली जाळी नापास केली. कोंबड्यांसाठी मिळते ती षट्कोनी जाळी आम्ही लावली होती. तिच्यात नखे आणि बोटे अडकतात. मग प्लास्टिकचा थर असलेली जोडजाळी आणली. पडवीच्या दक्षिण टोकाला आठ फूट लांब, सहा रुंद आणि सात फूट उंच असा पिंजरा उभा राहिला, आत पेरूची जाड फांदी तिरकी बसवली. जाळी, दिवे, इन्व्हर्टरची नवी बॅटरी असा खर्च चौतीस हजारांच्या पुढे गेला. केंद्राने स्वतः घेतलेली रक्कम त्यापुढे किरकोळ होती, आणि तिचीही पावती दिली. हस्तांतराच्या नोंदीला मात्र वेळ लागला आणि पाचू घरी आली ती नोव्हेंबरच्या शेवटी.

आता तक्रारी. आहाराचा जो तक्ता मिळाला तो कोणत्या तरी परदेशी पुस्तकावरून उतरवलेला दिसत होता. त्यातल्या निम्म्या भाज्या आमच्या बाजारात कधी पाहिल्या नाहीत. मी ताईंना फोन केला, तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि दोन संध्याकाळी बसून माझ्याबरोबर नवा तक्ता केला: शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने आणि फुले, तुतीचा पाला, रताळ्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, दुधी, पपई किंवा पिकला आंबा अगदी थोडा, तोही कधीमधी. हाच तक्ता त्या आता कोकणातल्या इतर घरांनाही देतात. दुसरे असे, की तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष भेट देऊ, असे करारात लिहिलेले असूनही भेट झाली ती पाचव्या महिन्यात, आणि तीही व्हिडिओ कॉलवर.

पण खरी तक्रार वेगळी आहे. पाचूच्या आरोग्यपत्रकात "मागील वर्षी अंडी" एवढेच दोन-तीन शब्द होते. नराशिवायही मादीच्या पोटात अंडी धरतात, ती घालण्यासाठी योग्य जागा मिळाली नाही तर ती अडकतात आणि मादी दगावू शकते, हे आम्हाला कोणी समोर बसवून सांगितले नव्हते. फेब्रुवारीत तिने खाणे सोडले. चार दिवस ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यातली फरशी पुढच्या पायांनी खरवडत होती आणि तो आवाज रात्री माजघरापर्यंत येई. तालुक्याच्या पशुवैद्यांनी मोकळेपणाने सांगितले, की गाई-म्हशींचे मला कळते, हा प्राणी मी कधी हाताळलेला नाही. रात्री साडेदहाला ताईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, त्यांच्या डॉक्टरांना जोडून घेतले, तिच्या पोटाचा व्हिडिओ मागवला आणि काय करायचे ते एकेक करून सांगितले.

त्या रात्री मुलाने निळे पिंप आडवे करून त्याचे तोंड अर्धे फळीने झाकले. पुळणीची वाळू आणि आगरातली माती समसमान घेऊन, मुठीत दाबली तर लाडू वळेल एवढीच ओली करून, पिंपात दीड फूट भरली. वाळू पाण्याने तीनदा धुतली, कारण ती समुद्राची होती. सकाळी पाचू आत गेली. ती मातीत पूर्ण शिरून फक्त शेपटीचे टोक बाहेर ठेवी, मागच्या पायांनी माती फेकी, मग बाहेर येऊन धापा टाकत बसे. आम्ही पडवीत गोणपाट बांधला, नातीला तिकडे जाऊ दिले नाही, आणि दर दोन तासांनी ताईंना कळवत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर आली, तेव्हा कमरेजवळची हाडे वर आली होती आणि कातडी सैल लोंबत होती. पिंपात चौतीस अंडी निघाली, पांढरी, चामड्यासारख्या मऊ कवचाची, सगळी वांझ. तिने त्या रात्री वाडगाभर पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातून जास्वंदीचे फूल घेतले. पुढच्या महिन्यात केंद्राने मादी दत्तक देण्याच्या करारात अंड्यांच्या पिंपाचे कलम घातले आणि आम्हाला दिलगिरीचे पत्र पाठवले. पत्राने त्या चार दिवसांची धास्ती भरून निघत नाही, पण चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

पावसाळ्याची तयारी त्यांनी चांगली करून घेतली होती, आणि हा भाग कोकणातल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. येथली दमट हवा इग्वानाला मानवते, परंतु जुलैत आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, तेव्हा अतिनील किरणांच्या नळीवरच सारी मदार असते. ती नळी दिसायला जळत असली तरी वर्षभरात तिचे ते किरण क्षीण होतात, म्हणून आम्ही मेअखेर नवी बसवतो. फांदीवर दिव्याखाली पस्तीस अंशांच्या वर ऊब लागते. जानेवारीत रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला, तेव्हा उजेड न पडणारा उष्णतेचा दिवाही लावावा लागला. ओल साचून पोटाखाली बुरशी धरू नये म्हणून ताईंनी पिंजऱ्याचा तळ जमिनीपासून उचलायला लावला होता, आणि पागोळ्यांचे पाणी आत उडणार नाही अशी झड बांधायला सांगितली होती.

एकदा मी घाबरून फोन केला, की पाचूला सर्दी झाली आहे, ती शिंकते आणि नाकाशी पांढरे काही वाळते. ताईंनी ते काय आहे ते सांगितले: शरीरातले जास्तीचे मीठ इग्वाना नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतो. आता रोज सकाळी दिव्याखालच्या चिऱ्यावर मिठाचे बारीक पांढरे ठिपके दिसतात, आणि नात ते ओल्या फडक्याने पुसते व लगेच साबणाने हात धुते. हात धुण्याबद्दल केंद्र फार कडक आहे. सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाचूची भांडी, फडके, सुरी सगळे वेगळे आहे आणि त्यांतले काहीही स्वयंपाकघरात जात नाही.

मला विचाराल तर या केंद्राला मी पाचपैकी चार गुण देईन. कापला तो एक गुण अंड्यांच्या त्या अर्ध्या ओळीसाठी आणि पहिल्या अकरा दिवसांसाठी. हस्तांतराचा उशीर, प्रश्न, कागदपत्रे, जाळीसाठी दोनदा खर्च, याबद्दल मी काहीही कापत नाही, कारण ते त्यांनी केले नसते तर आमच्या पडवीत एक आजारी प्राणी आला असता आणि आम्ही तो प्रेमाने मारला असता. आठवड्यात इग्वाना घरी हवा असेल, तर येथे जाऊ नये. घरात मोठी जागा, नियमित हाताशी राहणारा माणूस आणि जाणत्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची सोय नसेल, तरीही जाऊ नये.

पुतण्याचा नर अजून तिथेच आहे. मागच्या महिन्यात कॅल्शियमची पूड आणायला गेलो, तेव्हा तो आंब्याच्या फांदीवर होता, गळ्याखालची पोळी पसरून मान वरखाली हलवत. त्याची शेपूट शाबूत आहे, तब्येत उत्तम आहे, कागद पूर्ण आहेत. त्याला लहान मूल नसलेले घर, पाचूच्या पिंजऱ्याहून मोठा पिंजरा आणि प्रजननकाळात त्याच्या वाटेला न जाणारी माणसे हवी आहेत. पुतण्या दर महिन्याला त्याच्या खाण्याचे पैसे पाठवतो.